पीएचसी दारात असताना बाळंतपणाला बाया पुढे का जातात?

माळरान:
प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) प्रसूती कमी झाल्या की आढावा बैठकीत ठरलेलं उत्तर मिळतं: 'लोकांमध्ये जागृती नाही.' मला हे साफ अमान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल, एनएफएचएस-५ (२०१९-२१), सांगतो, महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यातच होतात. म्हणजे दवाखान्यात जायचं हे घरोघरी ठरलेलं आहे. फक्त कुठल्या, एवढाच प्रश्न. लोक पीएचसी ओलांडून जातात ते हिशेब करूनच. रात्री कळा सुरू झाल्या तर दार कोण उघडणार? सिझर लागलंच तर गाडी किती वेळात येणार? याचं उत्तर गावाला ठाऊक असतं, म्हणून गाव थेट तालुका गाठतं.

लेबररूमवाली:
पीएचसीत सिस्टर आहे, म्हणून बोलते. दार उघडं असतं हो! नोंदणीला बाया येतात, धनुर्वात-घटसर्पाचं टीडी इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी, सगळं आमच्याकडे. नववा लागला की गायब. कारण सोनोग्राफी. ती आमच्याकडे नाही, बाहेर करावी लागते. तिथे कुणीतरी 'बाळाभोवतीचं पाणी जरा कमी वाटतंय' म्हणतं, आणि तोच घरचा डॉक्टर होऊन बसतो. त्याच एनएफएचएसच्या अहवालात राज्यातली चारातली एक प्रसूती सिझरची आहे. एवढ्या सगळ्या अडल्या होत्या?

दोनलेकरांचाबाप:
ताई, राग मानू नका, पण पहिल्या वेळी आम्ही पीएचसीतच गेलो होतो. सहा तास ठेवून घेतलं आणि मग चिठ्ठी हातात दिली, 'पुढे न्या.' चिठ्ठीवर कारणसुद्धा धड लिहिलं नव्हतं. बायको गाडीत कळवळतेय आणि मी ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगतोय. दुसऱ्या वेळी कर्ज काढून खासगीत गेलो. फुकट आहे म्हणून तिथेच जा, हे ज्याची बायको घरी सुखरूप आहे त्याने सांगावं.

लेबररूमवाली:
वेळेत पुढे पाठवणं हेच आमचं काम. तुमच्या बाबतीत ते उशिरा झालं, कागद धड दिला नाही, चूकच ती. पण प्रत्येकीला आधीच पुढे धाडलं तर आमचा हात बसणार कसा? महिन्याला दोन-तीनच प्रसूती होत असतील तर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा सराव कुठून राहणार?

सेमाडोहघाट:
तुम्ही सगळे मैदानावरचे. मेळघाटात ओलांडून जायला पुढे आहेच काय? धारणीहून अमरावतीचं डफरीन, म्हणजे सरकारी स्त्री रुग्णालय, जवळपास दीडशे किलोमीटर. आमच्याकडे माहेरघर आहे: तारखेच्या चार-पाच दिवस आधी बाईने केंद्रात येऊन राहायचं, जेवणखाण तिथेच. योजना नामी, पण घरातली मोठी पोरं, शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या? सासूला सोबत आणलं तर तिची मजुरी बुडते. काही केंद्रांत लोक सोबत पोरंही घेऊन येतात, तिथे खोल्या भरतात. जागृतीचं भाषण ठोकण्यापेक्षा त्या पोरांचं ताट वाढा.

आशाताईचीलेक:
सगळे प्रसूती कुठे झाली तेवढंच मोजताय. बाळंतिणीने केंद्रात ४८ तास राहायचं असतं, पण न्हायला ऊन पाणी नाही, संडासाला कडी नाही, म्हणून सकाळची बाळंतीण संध्याकाळी घरी. त्यानंतर बाळाला बघणारी एकच, गावची आशा म्हणजे माझी आई: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. झोळीत घालून वजन, घड्याळ समोर धरून मिनिटाचे श्वास. साठच्या वर गेले की केंद्रात चला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे घरोघरचं काम करून दाखवलं, नंतर देशाने उचललं. पण आई म्हणते, घरचे बाळ पुन्हा पीएचसीत न्यायला तयारच नसतात. 'तिथे बाळाचा डॉक्टर आहे का?' यावर ती काय सांगणार!

माळरान:
सोनोग्राफीचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं तेच, आधी भरवसा. रात्री कोण ड्युटीवर आहे, त्याचं नाव आणि नंबर केंद्राबाहेर फळ्यावर रोज लिहा. एवढं तर उद्यापासून होईल?

लेबररूमवाली:
फळा आहे. सिस्टरची दुसरी जागा रिकामी आहे, त्यामुळे दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्हींसमोर माझंच नाव असतं. ते वाचून गावाला भरवसा वाटेल की दया येईल, तुम्हीच सांगा.