सुपरकारसाठी वेगळं लायसन्स हवं का?

नदीपल्याड (धागाकर्ता)

साऊथ ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०२४ पासून एक नियम लागू आहे. गाडीची ताकद टनामागे २७६ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल, तर ती साध्या लायसन्सवर चालवता येत नाही. ऑनलाइन कोर्स करून लायसन्सवर 'यू' क्लास चढवून घ्यावा लागतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपली स्विफ्ट टनामागे ६५ ते ७५ च्या आसपास असते. शिवाय अशा गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल किंवा स्टॅबिलिटी कंट्रोल (चाकं घसरू नयेत, गाडी ताब्यात राहावी म्हणून असलेलं इलेक्ट्रॉनिक्स) रस्त्यावर विनाकारण बंद करणं हा गुन्हा ठरतो.

यामागे २०१९ ची घटना आहे. अॅडलेडमध्ये एक लॅम्बोर्गिनी हुराकान फुटपाथवर चढली आणि मैत्रिणीबरोबर चालत जाणारी १५ वर्षांची मुलगी गेली. धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू घडवल्याचा आरोप कोर्टात टिकला नाही, चालकाने फक्त निष्काळजीपणा कबूल केला. लोक खवळले, मुलीच्या घरच्यांनी विषय लावून धरला आणि कायदा झाला.

आता आपल्याकडे या. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्श टायकॅनने बाईकवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. चालवणारा १७ वर्षांचा मुलगा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. गाडीला नंबरप्लेट नव्हती, कायमची नोंदणीच झालेली नव्हती. पुढे महिनोन्महिने आपण काय बोललो? ३०० शब्दांचा निबंध, ससूनमधले रक्ताचे नमुने, बापाची पोच. सगळं बोलायलाच हवं होतं. पण त्या गाडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ज्या लायसन्सवर मी अल्टो चालवतो त्याच लायसन्सवर कोणीही उद्या ६०० हॉर्सपॉवर रस्त्यावर आणू शकतो, हे कोणालाच खटकत नाही का?

माझं मत सरळ आहे: आपल्याकडेही वेगळं लायसन्स हवं. हाणा आता.

चौथा गिअर

हाणतोच. तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा झोपवतो. टायकॅनचं त्या वेळचं आपल्याकडे मिळणारं सगळ्यात ताकदवान मॉडेल घ्या, टर्बो एस. ताकद ५६० किलोवॅट, वजन जवळपास २.३ टन. भागाकार करा, २४५ च्या आत येतो. म्हणजे तुमच्या त्या ऑस्ट्रेलियन नियमात पुण्याची गाडी बसतच नाही! आणि चालवणाऱ्याकडे साधं लायसन्स असण्याचं वयसुद्धा नव्हतं. ज्याने पहिला नियम पाळला नाही तो दुसऱ्याची वाट बघत थांबला असता काय?

दुसरं, जरा आकडे बघा. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. ते काय लॅम्बोर्गिनीने मारले? मारले डंपरने, खाजगी बसने, उसाच्या ट्रॉलीने, इनोव्हाने. पण त्यांच्यावर धागा निघत नाही, कारण त्यात मालकाचा हेवा करायची सोय नाही.

नदीपल्याड

हेव्याचा मुद्दा येणार हे माहीत होतं, पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं.

टायकॅन त्या व्याख्येत बसत नाही हे मान्य. मग व्याख्या बदलू. नुसतं वजन न धरता ० ते १०० किती सेकंदांत हे धरू, कारण इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात आणि या भागाकारातून अलगद सुटतात. नियम तोकडा आहे म्हणून नियमच नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

अर्धवट अभियंता

दोघेही थोडं थांबा, जरा वेगाचं गणित मांडतो.

समजा दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक ६० ने, एक १००ने. दोन्हींचे ब्रेक उत्तम, टायर उत्तम. पुढे माणूस आला. दोन्ही चालकांना पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला. ६० वाली साधारण ३१ मीटरवर थांबते. त्याच जागी १०० वालीचा वेग किती असेल? लोक म्हणतात ४०, फार तर ५०. उत्तर आहे ९६ च्या आसपास. कारण त्या एका सेकंदातच ती जवळपास २८ मीटर गेलेली असते, ब्रेकला उरतात जेमतेम ३ मीटर. जिथे एक गाडी माणसाला न शिवता थांबली, तिथे दुसरीने जवळजवळ पूर्ण वेगात धडक दिली. आणि हे सुपरकारचे ब्रेक धरून. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, यावर कुठल्याही ब्रॅण्डचा ब्रेक उपाय करू शकत नाही.

आता महागड्या गाडीत वेगळं काय होतं? एक म्हणजे वेग कळतच नाही. जुन्या गाडीत शंभरीला स्टीअरिंग थरथरायचं, दारातून वारा शिट्टी मारायचा, शेजारी बसलेली आई ओरडायची. या गाड्यांत, त्यातून इलेक्ट्रिक असली तर, ना आवाज ना गिअर. डोळ्यांना ६० वाटतं तेव्हा काटा १३० वर असतो. दुसरं टायर. हे टायर तापल्यावर पकडतात. रात्री एसी पार्किंगमधून काढलेल्या गाडीचे थंड टायर आणि त्यात कोपऱ्यावर भसकन दिलेला अॅक्सिलरेटर, मागची चाकं सरकलीच म्हणून समजा. चालक घाबरून पाय काढतो, वजन पुढे जातं, मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. इथे इलेक्ट्रॉनिक्स वाचवतं, जर 'मजा येत नाही' म्हणून ते बंद केलं नसेल तर.

पिटलेन

अभियंत्यांना +१, त्यात भर घालतो.

हॉलिवूडचा पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात गेला, ती पोर्श करेरा जीटी होती. तो स्वतः चालवत नव्हता. चालवणारा त्याचा मित्र नवशिका नव्हता, शर्यतींमध्ये उतरलेला माणूस. ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांनी होती असं तपासात निघालं, म्हणजे आपल्या हिशेबात १३० ते १५०. टायर नऊ वर्षांहून जुने. आणि करेरा जीटीला स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतंच, कंपनीने दिलंच नव्हतं.

यातून मला दिसतं ते धागाकर्त्यांच्या उलट आहे. कौशल्य होतं, तरी गाडी गेली, कारण जागा चुकीची होती. मी ट्रॅकवर जातो, कधी चेन्नईजवळ, कधी कोइम्बतूरला. तिथे पहिले काही लॅप टायर गरम करण्यातच जातात. घसरलात तर बाजूला मोकळी जागा असते, मार्शल झेंडा घेऊन उभा असतो, आणि समोरून टँकर येत नाही. रस्त्यावर कितीही मोठा ड्रायव्हर असला तरी गतिरोधकाला पांढरा पट्टा नाही, डिव्हायडरच्या फटीतून मोटारसायकल येणार आणि वळणावर खडी सांडलेली असणार. लायसन्स देऊन उलट एखाद्याला वाटेल, आता मी पास झालो, आता दामटायला हरकत नाही.

पोरांना वेग हवा असतो, तो मिळायची जागा द्या. महाराष्ट्रातल्या पोराने बुद्ध सर्किटसाठी ग्रेटर नोएडाला जायचं? तेवढे पैसे आणि सुट्टी कोणाकडे असते? म्हणून मग रात्री एक वाजता कोस्टल रोड.

काकूबाई

हो का? म्हणजे ट्रॅक नाही म्हणून आमच्या झोपेचं खोबरं. क्रिकेटचं मैदान नाही म्हणून कोणी माझ्या काचेवर सिक्सर मारली तर मी टाळ्या वाजवायच्या का? कोस्टल रोडला ८० ची मर्यादा आहे, वळणांवर आणखी कमी. तेवढ्यात चालवा की. चार कोटींची गाडी ८०ने चालवताना कमी सुंदर दिसते काय?

आणि लायसन्सवाल्यांनो, तुम्ही शेवटचं आरटीओत कधी गेला होतात? आठचा आकडा काढा, हात दाखवा, झालं. तुमचा 'यू' क्लास आला की एजंटच्या टपरीवरच्या पाटीवर एक ओळ वाढेल, बस्स. 'सुपरकार लायसन्स, घरपोच.'

म्युनिककर

जर्मनीचा विषय कोणीतरी काढणारच, तर मीच काढतो. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या महामार्गांच्या, मोठ्या भागावर वेगाची मर्यादा नाही, खरं आहे. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी 'चल, २०० ने जाऊ' म्हणतो. पण १३० हा शिफारशीचा वेग आहे, आणि त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी भरपाईत तुमच्या नावावर वाटा लागू शकतो. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडून ओव्हरटेक बंद. वेगवान माणूस डाव्या लेनमध्ये येतो, पुढे जातो आणि परत उजवीकडे सरकतो. आपल्याकडे एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमध्ये ट्रक ४० ने ठिय्या देऊन असतो, तिथे १८० ने येणाऱ्याने काय करायचं?

लायसन्सचं म्हणाल तर इथे साध्या गाडीसाठीच बारा खास तास सक्तीचे आहेत: गावाबाहेरचे रस्ते, ऑटोबान आणि रात्रीचं ड्रायव्हिंग. एकूण खर्च दोन-तीन हजार युरोंवर जातो. म्हणून माझं मत, सुपरकारचं वेगळं नको, सगळ्यांचंच लायसन्स नीट करा. हां, तरीही २०२१ मध्ये एका चेक कोट्यधीशाने बर्लिन-हानोफर रस्त्यावर बुगाटी ४१७ ने नेली, वर व्हिडिओ टाकला. चौकशी झाली, केस बंद झाली. वेड्यांचा तुटवडा इथेही नाही.

चौथा गिअर

'सगळ्यांचं नीट करा' याला माझा पूर्ण पाठिंबा. त्यात कोणाच्या गाडीची किंमत बघायची गरज पडत नाही.

नदीपल्याड

@म्युनिककर, 'सगळ्यांचं नीट करू' हे आपण माझ्या लहानपणापासून करतोय. तोवर जिथे धोका जास्त तिथे आधी हात घालायला काय हरकत आहे? युरोपात बाईकला हे आहेच की. ए-टू लायसन्सवर ३५ किलोवॅटच्या वरची बाईक मिळत नाही. इटलीत नव्या लायसन्सवाल्याला कारच्या ताकदीचीही मर्यादा आहे. तिथल्या श्रीमंतांना कोणी हेव्याने छळत नाही.

@काकूबाई, एजंटचं पटलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण त्या न्यायाने कुठलाच कायदा करता येणार नाही.

खटलेवाला

लायसन्स जाऊ द्या, दंड बघा. आपल्या मोटार वाहन कायद्यात कारच्या अतिवेगाला एक ते दोन हजार दंड आहे. चार कोटींच्या गाडीवाल्याला तो वॅलेला, म्हणजे हॉटेलात गाडी लावून देणाऱ्याला, दिलेल्या टिपेइतका लागतो. फिनलंडमध्ये दंड कमाईच्या प्रमाणात असतो. २०२३ मध्ये आलंड बेटांवर एका उद्योजकाला ५० च्या हद्दीत ८२ ने गेल्याबद्दल १,२१,००० युरो बसले. ८२! आपल्याकडे ८२ ला लोक 'आरामात चाललोय' म्हणतात.

अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, हे २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. कलम आहे, ते वापरायची सवय नाही. माझं मत पिटलेन आणि धागाकर्ते दोघांच्या विरुद्ध: ना लायसन्स ना ट्रॅक, खिशाला आणि गाडीला हात घाला. दुसऱ्यांदा सापडला तर गाडी सहा महिने पोलीस स्टेशनच्या आवारात, उन्हात, कव्हरशिवाय.

पिटलेन

कव्हरशिवाय? अहो, पाप लागेल.

अर्धवट अभियंता

गंमत सोडा, एक व्यवहाराचं बघा. नव्या गाडीची डिलिव्हरी कशी होते? हार, नारळ, पेढे, फोटो. मग सेल्सवाला लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला झटक्यात पूर्ण ताकदीने पळवणं, शिकवतो: डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजवा तळाशी, आणि ब्रेक सोडा. दहा मिनिटांत मालक तयार. ओल्या रस्त्यावर काय करायचं, थंड टायर म्हणजे काय, टायरवरचा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कुठे छापलेलं असतं, हे मी कोणाला शोरूममध्ये सांगताना पाहिलं नाही. गाडी ताब्यात द्यायच्या आधी एक दिवस बंद जागेत विक्रेत्याच्या खर्चाने प्रशिक्षण, एवढं सक्तीचं केलं तर आरटीओही नको आणि एजंटही.

चौथा गिअर

हे चालेल मला. पण प्रशिक्षण मालकाला. गाडी चालवतो कोण? मालकाचा मुलगा, मेव्हणा, ड्रायव्हर, सर्व्हिस सेंटरचा पोऱ्या आणि हॉटेलच्या दारातला वॅले. त्यांचं काय?

नदीपल्याड

म्हणूनच मी लायसन्स म्हणतोय, ते गाडीला नाही, माणसाला लागतं. वॅलेलासुद्धा.

काकूबाई

वॅलेला तर सगळ्यात आधी द्या. रात्री बारानंतर शुद्धीत असलेला तेवढाच एक असतो.