आजीचे फोटो, कासची फुलं आणि बारके किडे, पुढची लेन्स कुठली घेऊ?

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीला कॅननचा १५००डी घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन झूम लेन्स आल्या. सात-आठ महिने रोज काही ना काही काढतोय पण आता अडकल्यासारखं झालंय. मला तीन गोष्टी मनापासून काढायच्यात. एक म्हणजे आजी, ८४ वर्षांची आहे, तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण हे नीट यावं असं फार वाटतं, पण घरात फोटो काढला की मागचं कॅलेंडर, फ्रीज, दोरीवरचे कपडे सगळं तेवढंच स्पष्ट येतं आणि आजी त्यात हरवून जाते. दुसरं निसर्ग, साताऱ्यात राहतो त्यामुळे कास हाकेच्या अंतरावर. आणि तिसरं म्हणजे तिथलीच बारकी फुलं, सीतेची आसवं, दवबिंदू (ती किडे खाणारी इवली वनस्पती), त्यावर बसलेले किडे. मागच्या सीझनला मित्राचा कॅमेरा घेऊन गेलो होतो तर फूल फोटोत ठिपक्याएवढं आलं.
बजेट १५ हजार, फार तर दोन-तीन वर. एका दुकानात विचारलं तर त्यांनी थेट ७०-३०० काढून दाखवली. एकच लेन्स घेऊन तिन्ही कामं होतील का?

लोकलचा_डबा:
५० एमएम एफ १.८ एसटीएम घे, डोळे झाकून. बजेटमध्ये बसते, हलकी आहे, आजीचे फोटो असे येतील की बघत राहशील. ७०-३०० अजिबात नको, ५५-२५० आहे ना तुझ्याकडे, त्याच कामाची लेन्स परत कशाला.

तेरडा:
कंदीपेढा, वयाने बरीच मोठी असणार म्हणून सरळ तूच म्हणते. ५० चांगलीच आहे पण ती घेऊन कासला गेलास तर हिरमुसशील, म्हणून आधी हे वाच.

लेन्स निवडताना मी पहिल्यांदा एकच विचारते, फोटो काढताना मी त्या माणसापासून किंवा फुलापासून किती लांब उभी असणार. बाकी सगळं त्यावरून ठरतं. तुझ्या कॅमेऱ्यात डोकं-खांदे एवढी उभी फ्रेम घ्यायची तर ५० एमएमने साधारण दीड मीटरवर उभं राहावं लागतं, १०० ला पावणेतीन-तीन मीटर, आणि २५० ला सात मीटर. म्हणजे माजघरात ५०, अंगणात १००, आणि २५० लावायची तर आजी ओट्यावर आणि तू फाटकाशी. १८ ला ठेवून जवळ गेलास तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, तो लेन्सचा दोष नसतो, आपण फार जवळ गेलेलो असतो म्हणून तसं होतं.

आता मागचं धूसर का होत नाही ते. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याला, एफच्या आकड्याने भाग (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं उघडतं). तुझी १८-५५ पूर्ण झूम केली तर ५५ भागिले ५.६ म्हणजे जेमतेम १०. ५० भागिले १.८ म्हणजे २८. आणि तुझ्याकडे आत्ता असलेली ५५-२५०, ती १०० ला ठेवली तर एफ ४.५ च्या आसपास उघडते म्हणजे २२, आणि २५० ला ५.६ धरलं तरी ४५! चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला आणि मागची भिंत, झाडं पुरेशी लांब असली तर हा आकडा जितका मोठा तितकं मागचं विरघळतं. त्यामुळे एक पैसाही खर्च न करता उद्या सकाळी आजीला दारात बसव, उन्हात नको, उंबऱ्याच्या आत जिथे बाहेरचा उजेड एका बाजूने येतो तिथे, मागे भिंत चिकटलेली नको, आणि ५५-२५० घेऊन १०० च्या आसपास काढ. सुरकुत्या उजेडाने दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळ्या पुसल्या जातात.

मग ५० कशाला घ्यायची तर अंधारासाठी. एफ ५.६ च्या तुलनेत १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. दिवेलागणीला देवापाशी बसलेली आजी किट लेन्सने, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ ने, निघणार नाही, ५० ने निघेल. फक्त १.८ वर एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ असं होतं, सुरुवातीला २.८ वर काढ आणि फोकसचा ठिपका जवळच्या डोळ्यावर ठेव.

फुलांचं मात्र उलट आहे. ५० एमएम ३५ सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही, तिच्यात जास्तीत जास्त जवळून सुमारे साडेदहा सेंटीमीटर रुंदीचा तुकडा फ्रेममध्ये भरतो. तुझी साधी १८-५५ पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जाते आणि साडेसहा सेंटीमीटरची फ्रेम देते. म्हणजे जवळच्या कामाला किट लेन्स त्या नव्या लेन्सपेक्षा सरस. हे कुणी सांगत नाही, आणि लोक ५० घेऊन फुलांवर वाकत बसतात.

लोकलचा_डबा:
ताई हे खरंय, मी ५० ने माणसंच काढतो त्यामुळे कधी लक्षात आलं नाही. पण मग किड्यांसाठी १०० एमएम मॅक्रोच (अगदी जवळून बारक्या गोष्टी मोठ्या काढणारी लेन्स) घ्यावी ना त्याने? पैसे साठवून एकदाच. पोर्ट्रेटही होतात तिच्यात.

तेरडा:
होतात, सुंदर होतात. त्याच्या घरात तीन मीटर मागे सरकायला जागा असेल तर. पण ती त्याच्या बजेटच्या कितीतरी बाहेर आहे आणि मॅक्रो आपल्याला खरंच मानवतं का हे कळायच्या आधी एवढे पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. पावसात चिखलात पालथं पडून एका मुंगीसाठी पाऊण तास घालवायचा असतो, काहींना त्यात स्वर्ग सापडतो, काहींना पाठदुखी.

स्वस्तात दोन रस्ते आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी पोकळ नळी, आत काच नसते. ३१ एमएमची नळी ५० वर लावली की फ्रेम साडेदहा सेंटीमीटरवरून पावणेतीन सेंटीमीटरवर येते. घेताना इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टवालीच (कॅमेरा आणि लेन्स जोडणारे धातूचे ठिपके असलेली) घे, साधी घेतलीस तर कॅननमध्ये अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. नळी असेपर्यंत लांबचं काही फोकस होत नाही हेही लक्षात ठेव.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, रेनॉक्सची डीसीआर-२५०. चष्म्यासारखी पुढून चिमट्याने अडकवायची, ५२ ते ६७ एमएमच्या थ्रेडवर (लेन्सच्या तोंडाशी असलेल्या आट्यांवर) बसते, तुझ्या ५५-२५० चा थ्रेड ५८ आहे. लेन्स १२५ ला ठेवली की १:१, म्हणजे बावीस मिलिमीटरचा किडा अख्खी फ्रेम भरतो. २५० ला त्याच्या दुप्पट. किड्यापासून अंतर साधारण साडेबारा सेंटीमीटर ठरलेलंच राहतं. हिची धाकटी बहीण डीसीआर-१५० आहे, तिच्यात अंतर वीस सेंटीमीटरच्या आसपास मिळतं, फुलपाखरं कमी बुजतात, नवख्याला तीच सोपी.

चिपळूणचा_पाऊस:
लेन्स कुठलीही घे पण बुरशीचं बघ. माझी एक झूम पावसाळाभर लेदरच्या केसमध्ये कपाटात राहिली, गणपतीला काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करून घेतली पण आधीसारखी झालीच नाही. आता हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांत ठेवतो. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परततो (तवा त्याचाच वेगळा ठेवलाय). सेकंडहँड घेणार असशील तर लेन्स मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

कंदीपेढा:
सगळ्यांचे खूप आभार. ताई, आज सकाळी तुम्ही सांगितलं तसंच केलं, आजीला दाराशी बसवलं आणि मी अंगणात, ९५ एमएम, एफ ४.५. मागचं कॅलेंडर गेलं! गोंदण इतकं स्पष्ट आलंय की आजी स्वतः चष्मा लावून बघत बसली आणि मग ते गोंदण कुणी काढलं, कुठल्या जत्रेत, ते सगळं सांगायला लागली, मी आजवर कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे ५० आत्ता नाही घेतली तरी चालेल, आधी रेनॉक्स १५० घेतो, उरलेले पैसे ५० साठी बाजूला.
दोन प्रश्न. कासच्या पठाराच्या मोठ्या फोटोंना १८ पुरेल ना? आणि किडे शार्प येत नाहीत, हात हलतो, काय करू?

तेरडा:
आजीचं वाचून डोळे भरून आले. आता ते सगळं फोनवर रेकॉर्डही करून ठेव.

१८ पुरते. जमल्यास ५८ एमएमचा एक पोलरायझर घे, दोन्ही लेन्सवर बसेल, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी जाते आणि हिरवा रंग खरा दिसतो. उजेड मात्र एक-दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

किड्यांचं म्हणशील तर १:१ ला एफ ११ ठेवलं तरी एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा भाग शार्प असतो, त्यामुळे हात हलण्याचं सोडच, श्वासानेही फोकस जातो. ऑटोफोकस बंद कर, कोपर जमिनीवर किंवा गुडघ्यावर टेकव, आणि फोकसची रिंग न फिरवता स्वतःच केसभर पुढे-मागे हो आणि डोळा शार्प दिसला की चार-पाच फोटो सलग. लेन्स २५० ला असेल तर शटर १/४०० सेकंदापेक्षा संथ नको. कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरलास तर अख्खा किडा त्या पातळ पट्ट्यात बसतो.

आणि कासला पायवाटेवरूनच काढ. दवबिंदू वाटेच्या कडेला ओल्या कातळावरही सापडतात, बारके असतात, एका गुडघ्याखाली कितीतरी चिरडले जातात. सकाळी लवकर पोच, दहानंतर वारा सुटतो आणि फुलं स्थिर राहत नाहीत. सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी येणारे, मधल्या वारी येणार असशील तर कळव, माझी १०० मॅक्रो लावून बघ तुझ्या बॉडीला.