मदत हवी आहे: बांधीव अंक रद्दीत काढायचे की ठेवायचे?

मंडळी, मी गोव्यातल्या एका सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुढच्या दहा वर्षांचा आराखडा पंधरा दिवसांत द्यायचाय. समितीतल्या एका सरांचा हिशेब सोपा आहे: केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स (संशोधन-नियतकालिकं) ऑनलाइन मिळतात, मग जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक काढा आणि त्या जागी एसी, सोफे, चार्जिंग पॉइंट.

जर्नल्स आली याचा मलाही आनंद आहे. आमच्या बजेटात त्यातली पाचसुद्धा बसत नव्हती. पण केंद्राने मंजूर केलेले ६,००० कोटी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांचे आहेत. आराखडा दहा वर्षांचा!

शिवाय कपाटात नुसती जर्नल्स नाहीत. एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले १९६०-७०च्या दशकांतले मराठी अंक दोन फळ्या भरून आहेत. ते कुठल्या डेटाबेसमध्ये सापडणार? परवा एक उघडला, तर जाहिरातीच्या पानावर पेन्सिलीने मडगावच्या बसच्या वेळा. पुठ्ठ्यावर पावसाळ्यातली पांढरी बुरशी आणि मधल्या पानांची कसरीने केलेली जाळी.

स्कॅन करावेत म्हटलं तर कॉपीराइट आडवा येतो. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या छापील प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते, पण कॉलेजचं ग्रंथालय 'सार्वजनिक' धरतात का? कुणी लेखी विचारलंय? आणि निर्लेखनाला, म्हणजे संग्रहातून काढून टाकायला, कुठला निकष लावलात? 'पाच वर्षांत कुणी नेलं नाही' हा निकष लावला तर हे अंक आधी जातील, कारण ते घरी देतच नाही.

प्रतिसाद १: कॉपीराइटचं जाणकार सांगतील. बुरशीचे अंक आज वेगळे काढा, स्कॅनरवर नेऊ नका. मास्क लावा, हवेशीर सावलीत सुकू द्या, मग मऊ ब्रशने झटका. उन्हात अजिबात नको, कागद ठिसूळ होतो. निर्लेखनाच्या यादीत 'दुसरीकडे प्रत आहे का' हा रकाना घाला. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि विद्यापीठात आधी ताडून बघा. जो अंक दोन्हीकडे नाही, तो हलवायचा नाही. समितीला हे पटवणं सोपं जातं.

धागाकर्ती: रकाना आजच घालते. अंक सकाळपासून गच्चीवर उन्हात होते, शिपायाला पाठवलंय.