१२३४५६७८९ : नऊच्या पुढे

म्हापशाच्या काकांनी १२३४५६७८९ ही संख्या मूळ आहे का, असं विचारलं होतं. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो, म्हणजे ती मूळ नाही, इथपर्यंत सोपं आहे. (अंक कसेही उलटसुलट लावा, बेरीज बदलत नाही, त्यामुळे त्या सगळ्याच ३,६२,८८० संख्या बाद.) पण खरी गंमत पुढे आहे.

९ ने भागल्यावर उरतात १३७१७४२१. तिचे अवयव शोधायला ३, ७, ११ असं चाचपडत बसू नका. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरा: संख्येच्या वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या, त्याच्या वर्गातून संख्या वजा करा, बाकी पूर्ण वर्ग आली की काम झालं. इथे सुरुवात ३७०४ पासून. त्याचा वर्ग १३७१९६१६, बाकी २१९५, जमत नाही. मग ३७०५: वर्ग १३७२७०२५, बाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे (अ − ब)(अ + ब), म्हणून अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ.

दोन अवयव इतके जवळजवळ होते म्हणूनच दुसऱ्या फेरीत सापडले; लांब असते तर हीच रीत जीव काढते. फोंड्याला नववीच्या मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवते, कॅल्क्युलेटर न घेता, आणि ९६०४ दिसताच मागच्या बाकावरून 'अठ्ठ्याण्णव!' अशी आरोळी येते.

काका, आता ९८७६५४३२१ घ्या. ती पहिलीच्या आठपटीहून बरोबर ९ ने मोठी आहे, त्यामुळे दोघींचा मसावि ९ च.