एक वर्ष थांबले असते तर

कुणीतरी लिहिलंय की व्हँकुव्हर कॅनक्स या एनएचएल आइस हॉकी संघाचे जनरल मॅनेजर (खेळाडूंचे करार ठरवणारे) जिम बेनिंग डिसेंबर 2021मध्येच गेले, आता व्हँकुव्हरच्या चाहत्यांनी जुनं उगाळू नये. पण बेनिंगच्या सौद्यांचे हप्ते संघ अजून फेडतोय, मग राग कसा ओसरणार?

2016मध्ये लुई एरिक्सन या खेळाडूला सहा वर्षांचे 3 कोटी 60 लाख डॉलर दिले. त्यातला मोठा वाटा सायनिंग बोनसचा (पगाराव्यतिरिक्त कराराबद्दल ठरलेली रक्कम), आणि बायआउट केलं, म्हणजे पैसे देऊन करार मुदतीआधी संपवला, तरी बोनसचा भार सॅलरी कॅपवरून (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) हलत नाही. म्हणजे सुटकेची वाट सही करतानाच बंद.

जुलै 2021मध्ये एरिक्सन, बीगल आणि रूसेल यांचे मिळून 1 कोटी 20 लाखांचे करार ॲरिझोना संघाच्या गळ्यात मारायला नववा ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडताना नवव्या क्रमांकाची संधी) दिला. तिघांचंही एकेकच वर्ष उरलं होतं! त्या पिकवर ॲरिझोनाने डिलन गंथर उचलला. बदल्यात आपल्याला गारलंड हा खेळाडू चांगला मिळाला, मान्य; पण सोबत एकमन-लार्सन या दुसऱ्या खेळाडूचा 2027पर्यंतचा करारही आला. 2023मध्ये नव्या व्यवस्थापनाला त्याचं बायआउट करावं लागलं. नियम असा: उरलेल्या पगाराचे दोन-तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. चाराची आठ वर्षं झाली. 2025-26 आणि 2026-27 या दोन्ही हंगामांत कॅपवर सुमारे 47 लाख 70 हजार डॉलर, आणि शेवटचा हप्ता थेट 2030-31मध्ये.