कर्टोलीला फुलं भरपूर, फळ एकही नाही

गच्चीवाला:
ड्रममध्ये कर्टोलीचे तीन वेल आहेत, बियांपासून केलेले. मांडव भरलाय, जुलैपासून पिवळी फुलं येतायत, पण सगळी गळतात. खत कमी पडतंय का? बोरॉन फवारू?

मांडव:
बोरॉन राहू द्या, आधी फुलाच्या पाकळ्यांखाली बघा. कारल्या-दोडक्यात नर-मादी फुलं एकाच वेलावर येतात. कर्टोलीचे नर आणि मादी वेलच वेगळे. मादी फुलाखाली कळी असतानाच काटेरी, इवलंसं कर्टोलं दिसतं. नुसता देठ असेल तर नर. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि फूल येईपर्यंत पत्ता लागत नाही.

गच्चीवाला:
दोनांवर नुसते देठ, तिसऱ्यावर काटेरी गोळी आहे. मग तो तरी का फळत नाही?

रानभाजी:
परागीभवन होत नाहीये. फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा उपयोग नाही. काम निशाचर पतंगांचं, आणि वरच्या मजल्यावर त्यांचा भरवसा नको. हाताने करा: दिवे लागायच्या सुमारास उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध कुक्षीवर हलकेच फिरवा. पावसाने भिजलेले पराग वाया जातात, म्हणून पाऊस असेल तर दुपारीच दोन्हीकडच्या कळ्यांवर कागदी पिशवी चढवा. फळ धरलं तर गोळी काही दिवसांत फुगते, नाही तर पिवळी पडून गळते. साधारण दोन आठवड्यांत, हिरवं आणि आतलं बी कोवळं असतानाच तोडा. नारिंगी झालेलं भाजीला कामाचं नाही, बियाण्याला ठेवा.

मांडव:
दोन नर कशाला पोसताय? शेतातसुद्धा आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. दुसरा काढा आणि त्या जागी मादी वेलाचा कंद लावा. मादीच्या कंदातून मादीच उगवते. कोंबाची बाजू वर, दोन-तीन इंच खोल. ड्रमला खाली भोकं हवीतच, पाणी साचलं की कंद कुजतो.

थंडीत वेल वाळेल. मेला समजून माती उपसणारे पुष्कळ! पाणी तोडा, कंद तसाच राहू द्या. पावसाच्या तोंडावर पुन्हा फुटतो.

रानभाजी:
फळं धरली की फळमाशी येणारच. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, अळ्या आत असतात, वरून फवारून फारसं साधत नाही. क्यू-ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या वासाचा) सापळा टांगा, डागी फळं ड्रममध्ये न टाकता पिशवीत बांधून फेका.