मोटोजीपी २३ : पडायचं नसेल तर बाईकचा गेम घेताच कशाला?

घाटमाथा

मोटोजीपी या जागतिक बाईक शर्यतींवरच्या व्हिडिओ गेमबद्दल परवा इथेच एकाने लिहिलं, "मोटोजीपी २३ हा गेम नाही, शिक्षा आहे. पहिल्याच वळणावर पडतोय, उठतोय, परत पडतोय. पैसे पाण्यात. खेळणाऱ्याचा छळ म्हणजेच वास्तव, असा या माइलस्टोन कंपनीचा समज दिसतो." खाली धडाधड सहमतीचे प्रतिसाद. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

अहो, तुम्ही कार चालवल्यासारखी बाईक चालवताय. कारच्या गेममध्ये ब्रेक उशिरा लागला तर गाडी गवतात जाते आणि परत येते. बाईकचा रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा तळहाताएवढा. तेवढ्यावर ब्रेकही मारायचा आणि वळायचंही. बाईक जितकी कलेल तितका ब्रेक सोडत जायचा, यात तडजोड नाही.

इटलीतल्या मुगेल्लो ट्रॅकचं पहिलं वळण घ्या. एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. २०२३ मध्ये मोटोजीपी रायडर ब्रॅड बाइंडरने तिथेच ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले. पट्ट्याच्या शेवटी उंचवटा आहे, त्यावरून जाताना पुढचं चाक हलकं होतं आणि अख्खी बाईक थरथरते. नेमका तेव्हाच ब्रेक लावायची वेळ येते. गेममध्ये डावा ट्रिगर म्हणजे पुढचा ब्रेक, मागच्याला वेगळं बटण. बाईक उभी आहे तोवर ट्रिगर पूर्ण दाबा, कलायला लागली की बोट हळूहळू उचला. बोट अडकून राहिलं तर पुढचं चाक निसटलंच. वळणातून बाहेर पडताना गॅस घाईने उघडलात तर मागचं चाक आधी घसरतं, मग एकदम पकड घेतं आणि रायडर हवेत. हे सगळं या गेमने आणलंय, आणि ज्या दिवशी ते बोटांत बसतं त्या दिवशी एक स्वच्छ लॅप मारल्याचा आनंद कारच्या कुठल्याही गेममध्ये नाही.

शिवाय ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट! गेम २०२३ च्या जूनमध्ये आला, तिथली खरी शर्यत सप्टेंबरमध्ये झाली. बेझेक्की तिथे जिंकायच्या आधीपासून आपण त्या ट्रॅकवर फिरत होतो. कझाकस्तानचा सोकोल ट्रॅकसुद्धा यात आहे, तिथली त्या वर्षीची शर्यत तर झालीच नाही. एवढं देणाऱ्या गेमला शिक्षा म्हणायचं?

सिंगल सिलिंडर

मूळ पोस्ट माझी नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला पटला होता आणि हा लेख वाचूनही पटतोच आहे.

रोज बाईक चालवणाऱ्याला विचारा. मागचं चाक घसरायला लागलं की आधी बुडाला कळतं, मग डोक्याला. पुढचं जाणार असेल तर हँडल हलकं लागतं. गेममध्ये हे काहीच नाही. हातातला पॅड थरथरतो, पण ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर गेलो तरी तसाच थरथरतो आणि चाक निसटताना तरी तसाच. वेगात उजवीकडे जायचं तर आपण उजवं हँडल पुढे ढकलतो. गेममध्ये स्टिक उजवीकडे दाबली की झालं. म्हणजे शिक्षा खऱ्या बाईकची आणि सूचना एकही नाही. याला वास्तव म्हणणार?

कारच्या गेममधून खरे ड्रायव्हर निघाले. ग्रान तुरिस्मो गेमच्या जीटी अकादमीतून, म्हणजे खेळाडूंतून ड्रायव्हर निवडणाऱ्या स्पर्धेतून, लुकास ओर्दोन्येझ निघाला आणि २०११ ला ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. बाईकच्या गेममधून निघालेला असा एक रायडर सांगा.

आणि वास्तवाची एवढी चाड असेल तर पडल्यावर वेळ मागे नेणारं रिवाइंडचं बटण कशाला ठेवलंय?

दरवर्षी पूर्ण किमतीला तोच माल विकतात ते वेगळंच. मोटोजीपी २२ मध्ये २००९ चा अख्खा हंगाम होता. बार्सिलोनात रॉसीने लॉरेन्झोला शेवटच्या वळणावर मागे टाकलं, ते आपल्या हाताने करता यायचं. २३ मध्ये तसं काही नाही. रंगकाम बदललं, आकडा बदलला, काढा पैसे.

कोल्हापुरी थ्रॉटल

घाटमाथा भावा, शंभर टक्के सहमत. ज्यांना पडायची भीती वाटते त्यांनी सोपे आर्केड गेम खेळावेत, नाही कोण म्हणतंय?

पण याच कंपनीच्या राइड ४ या बाईक गेमवर माझा जुना राग आहे, तो इथे काढतोच. करिअर सुरू करायच्या आधी लायसन्सच्या परीक्षा. टायर जरा पांढऱ्या रेषेबाहेर गेला की लॅप बाद, परत पहिल्यापासून. बरं, आपण नियमाने चालतोय तर कॉम्प्युटरचे रायडर? ते मागून येऊन थेट ठोकतात. वळणातली तुमची ओळ, तुमचा ब्रेकिंग पॉइंट, त्यांना कशाचं काही नाही. ते ताठ उभे, आपण ट्रॅकबाहेरच्या खडीत! लई डोकं फिरतं राव.

घाटमाथा

@सिंगल सिलिंडर : रिवाइंड बंद करता येतं. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), अँटी-व्हीली (पुढचं चाक उचलू न देणारं), पुढचे-मागचे एकत्र ब्रेक, सगळं आपल्या हातात आहे. नवख्यांसाठी न्यूरल एड्स आहेत, ते स्वतः ब्रेक धरतात. तुम्ही सेटिंग उघडून तरी बघितलं का?

आणि रायडरचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये, सगळे घरात बसलेले असताना, खऱ्या मोटोजीपी रायडरांनी याच मालिकेच्या गेमवर मुगेल्लोची शर्यत लावली होती. गेममध्ये काहीच खरं नसतं तर ती माणसं त्यावर बसली असती का?

सिंगल सिलिंडर

ती शर्यत जिंकला कोण? अ‍ॅलेक्स मार्केझ. मोटोजीपी या सर्वोच्च वर्गातली एकही खरी शर्यत तोवर न धावलेला. तेव्हा सहा वेळा त्या वर्गाचा विजेता ठरलेला त्याचा भाऊ मार्क त्याच शर्यतीत मागे राहिला. यावरून काय सिद्ध होतं? पॅडवर ज्याचा हात चांगला तो जिंकतो. दाखला तुम्ही दिलात, म्हणून सांगितलं.

मृदगंध

मी गेमही खेळते आणि चेन्नईजवळच्या मद्रास ट्रॅकवर केटीएमची आरसी ३९० चालवूनही आलेय. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलते.

गेमने मला नजर दिली. वळणात शिरताना डोळे पुढच्या टोकाकडे हवेत, आणि आत लवकर घुसलं की बाहेर पडताना रुंद जातो, हे मला गेममुळे ट्रॅकवर कुणी शिकवायच्या आधी माहीत होतं. पण शरीर? सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक मारल्यावर सगळं वजन मनगटांवर येतं, मांड्यांनी टाकी आवळून धरावी लागते, आणि दुपारच्या सेशनला हेल्मेटच्या आत काय उकडतं ते सोफ्यावर बसून कळत नाही. बुद्धची शर्यत उकाड्यामुळेच २४ वरून २१ लॅपवर आणली होती आणि रायडर मार्टिन शर्यत संपल्यावर अक्षरशः कोसळला होता. त्यामुळे सिंगल सिलिंडर यांचा सूचनांचा मुद्दा मला पटतो.

माझी खरी चिंता मात्र वेगळी आहे. रविवारी सकाळी ताम्हिणीत जाऊन बघा. गुडघ्याला रस्त्यावर घासायचे स्लायडर, हेल्मेटवर कॅमेरा, आणि समोरून एसटी येत असताना आतल्या बाजूने कलणारी पोरं. त्यांच्या बोलण्यात सगळी भाषा गेमची. अपेक्स (वळणाचं आतलं टोक), लाइन, लेट ब्रेकिंग. माझा मावसभाऊ असाच घाटात बाईक घेऊन गेला होता. वळणावर वाळू होती. त्याच्या पायात आज रॉड आहे आणि जिना चढताना तो कठडा धरतो.

कोल्हापुरी थ्रॉटल

ताई, भावाचं वाईट वाटलं. पण गेमवर खापर फोडू नका. आमच्याकडे आरडी ३५० आणि आरएक्स १०० च्या काळापासून पोरं पन्हाळ्याच्या रस्त्याला पळवायची. तेव्हा कुठला गेम होता?

मृदगंध

तेव्हाही पडत होती आणि तेव्हाही घरचे दवाखान्यात बसत होते. पूर्वीपासून चालू आहे म्हणून योग्य, हे कुठलं उत्तर झालं? गेममध्ये पडलं की काही सेकंदांत बाईकसकट परत ट्रॅकवर. मुगेल्लोला बाहेर खडी आहे, हवा भरलेली कुंपणं (एअरफेन्स) आहेत, मार्शल उभे आहेत. तरीही २०२१ मध्ये तिथे मोटो३ चा रायडर दुपास्किये याचा जीव गेला, तो १९ वर्षांचा होता. ताम्हिणीत बाहेरच्या बाजूला दरी आहे. हा फरक गेम सांगत नाही आणि तुम्हीही सांगत नाही आहात.

जुनी आरएक्स

पोरांनी जायचं कुठे, ते आधी सांगा.

माझं आयुष्य चाकणच्या पट्ट्यात कारखान्यात गेलं. केटीएमची ड्यूक, आरसी इथे बनते, जगभर जाते. आणि ती जशी चालवायला बनवलीय तशी चालवायची तर टेम्पोत घालून तामिळनाडूला न्यायची! मद्रास तिकडे, कोइम्बतूरचं कारी स्पीडवे तिकडे, बुद्ध दिल्लीच्या पलीकडे. कंपन्यांचे चाचणीचे ट्रॅक आहेत, ते आतल्यांसाठी. महाराष्ट्रात सामान्य पोराला पैसे भरून बाईक नेता येईल असा मोठा डांबरी रेसिंग ट्रॅक नाही. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस झालं, माणसं लोटली होती. पण ती मातीवरची शर्यत, आणि तात्पुरती. एमआयडीसीला हजारो एकर जागा मिळते, त्यातला तुकडा यासाठी कुणी मागत नाही. उद्या ट्रॅक बांधा, परवा घाट रिकामा होतो की नाही बघा.

सिंगल सिलिंडर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे साफ चूक. चेन्नईकरांच्या दाराशी ट्रॅक आहे. तरी तिथल्या ईस्ट कोस्ट रोडवर पोरं रात्री शर्यती लावतात आणि पोलीस त्यांच्या बाईक जप्त करतात. ट्रॅकला फी लागते, लेदर सूट लागतो, सुट्टी लागते. रस्ता फुकट आहे आणि बघायला मित्र असतात. घाटात जाणाऱ्याला वेग हवाच असतो असं नाही, त्याला रील हवी असते.

जुनी आरएक्स

सगळीच रीलवाली नसतात. माझा मुलगा नव्हता. त्याला खरंच शिकायचं होतं, हातही चांगला होता. मद्रासला पाठवणं मला झेपलं नाही. आता नोकरी करतो आणि रात्री तुमचा हाच गेम खेळत बसतो. फी जास्त म्हणून ट्रॅकच नको, हे पोटभरल्याचं बोलणं आहे. पोहण्याचा तलाव बांधताना कुणी म्हणतं का, की नदीत बुडणारे तरीही बुडतीलच, मग तलाव कशाला?

सिंगल सिलिंडर

ट्रॅक नको असं मी म्हटलेलं नाही. तो बांधल्यावर घाट रिकामा होईल हे म्हणणं भाबडं आहे, एवढंच म्हटलं. आणि पोटभरल्याचं म्हणायच्या आधी विचारा तरी. माझी बाईक अजून हप्त्यावर आहे.

मृदगंध

काकांचं म्हणणं मला पटतं. ट्रॅकवर आपण किती हळू आहोत हे पहिल्याच सेशनमध्ये कळतं, कुणीतरी बाहेरून सहज ओलांडून जातं. ती गुर्मी उतरवायला घाटात कुणी नसतं.

कोल्हापुरी थ्रॉटल

ताई, एवढं मात्र खरं. ऑनलाइन लॉबीत पहिल्यांदा गेलो तेव्हा माझंही तेच झालं होतं. पण म्हणूनच सांगतोय, गुर्मी उतरवायचं काम गेमही करतो. कॉम्प्युटरचे ठोकरे रायडर सोडून.

घाटमाथा

धागा गेमचा आहे, घाटाचा वेगळा काढा. मृदगंध, तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटतं, आणि मी स्वतः घाटात ताशी साठच्या वर जात नाही. पण तो अपघात आणि हा गेम यांच्यात तुम्ही जी दोरी बांधलीत ती मला मान्य नाही. उलट इतक्या वेळा पडल्यावर मला तरी कळलं की गॅस किती घाईने उघडला जातो. तो धडा मी घराबाहेर न पडता शिकलो.

सूचनांचा मुद्दा : ठीक आहे, पॅडवर ते येत नाही. कारसाठी प्रतिरोध देणारं स्टिअरिंग घरोघरी मिळतं, कलणारी बाईक दिवाणखान्यात कोण ठेवणार? ही मर्यादा पॅडची आहे, आतल्या भौतिकशास्त्राची नाही.

सिंगल सिलिंडर

पॅडवर येत नाही हे कंपनीला माहीत नाही का? मग पडण्याची शिक्षा तेवढी पुरेपूर का ठेवली?

तुमच्या सांगण्यावरून सेटिंग उघडलं. एकत्र ब्रेक बंद केले. बुद्धच्या लांब पट्ट्यानंतरच्या उजव्या वळणावर मागचा ब्रेक क्षणभर आधी लावला की बाईक स्थिर राहते आणि पुढचा जोरात लावता येतो. हे चांगलं जमवलंय. एवढंच मान्य, पुढे काही मागू नका. पण हे मला इथे येऊन भांडल्यावर कळावं? गेममधल्या शिकवणीत का नाही?

आणि आता तुम्ही उत्तर द्या. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या मोटोजीपी २५ मध्ये याच कंपनीने सोपा आर्केड आणि खऱ्यासारखा प्रो असे दोन वेगळे पर्याय दिले. परवाची पोस्ट जे मागत होती तेच. मग तो माणूस चुकीचं काय बोलत होता?

घाटमाथा

आर्केड दिलं म्हणून प्रो काढलं का? नाही ना? ज्याला उभं राहायचं त्याने आर्केड घ्यावं, माझी हरकत नाही. हरकत 'शिक्षा' म्हणण्याला होती आणि ती आहेच. दरवर्षी पूर्ण किंमत लावतात याबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही. २००९ चा हंगाम २३ मध्ये ठेवायलाच हवा होता.

जुनी आरएक्स

मुलाला धागा दाखवला. तो म्हणतो, मागच्या ब्रेकचं बरोबर आहे, पण पावसात तसं करू नका, मागचं चाक लगेच अडकतं. आणि ट्रॅकचा वेगळा धागा मी आज काढतोय. चाकण, तळेगाव, रांजणगावकडच्यांनी तिथे या.